मेढ्यावरचा सापळा

१

सकाळची धार काढून झाली, दुधाचे कॅन तळेगावच्या गाडीवर चढले, की मी मक्यात जायचो. हा माझा रोजचा नेम. आमच्या गावात नेम म्हणजे पारावर बसून तंबाखू मळणे, त्यामुळे माझ्या नेमाला लोक हसत.

मक्यात मी सरळ जात नसे. एका कोपऱ्यातून शिरायचं, नागमोडी चालत दुसऱ्या कोपऱ्यातून निघायचं आणि मधे जागोजागी थांबून पोंगे उलगडून पाहायचे. पोंगा म्हणजे झाडाच्या मधोमध गुंडाळलेली कोवळी पानं. लष्करी अळी तिथे मुक्काम ठोकते. पानांवर पांढऱ्या खिडक्या पडल्या आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी घाण दिसली की समजायचं, पाहुणे आले. यात विद्वत्ता काही नाही, डोळे लागतात. आमच्या गावाने ते बहुधा गहाण टाकलेले आहेत.

माझ्या वावराला लागून बंडूजींचं वावर. वयाने मोठे म्हणून 'जी' म्हणायचं, बाकी काही कारण नाही. हे गृहस्थ अळी पडायच्या आधी एक, पडल्यावर एक आणि मेल्यावर एक अशा फवारण्या करतात. दुकानदार म्हणेल ते औषध, दुकानदार म्हणेल तेव्हा.

"पाहून काय होते गा कैलास?" ते मला धुऱ्यावरून, म्हणजे आमच्या मधल्या बांधावरून, विचारत. "फवारा लागते."

मी कृषीचा पदवीधर. नोकरीच्या मागे न लागता गाई घेतल्या, आणि त्यांच्यासाठी मका लावतो. हिरवा मका कापून, कुट्टी करून, हवा लागणार नाही असा दाबून ठेवला की त्याचा मुरघास होतो. उन्हाळ्यात बंडूजींच्या म्हशी उकिरडा हुंगत फिरतात तेव्हा माझ्या गाई हिरवं खातात. हे गावाला दिसतं, आणि त्याबद्दल गाव मला क्षमा करत नाही.

तर सापळे. कामगंध सापळा म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं, त्यावर टोपी, खाली लोंबणारी लांब पॉलिथिनची पिशवी. टोपीखाली रबराची एक गोळी बसवायची. तिला मादी पतंगाचा वास असतो. आपल्याला तो येत नाही, नराला लांबून येतो. आपल्याला कुणीतरी बोलावलं या आनंदात तो येतो, नरसाळ्यातून पिशवीत पडतो आणि तिथेच फडफडून मरतो. वरचं तोंड उघडंच असतं, पण वास सुटत नाही म्हणून तो बाहेर जात नाही. सकाळी पिशवीतले पतंग वाढलेले दिसले की अळी येणार हे ओळखून तयारीला लागायचं.

आदल्या वर्षापर्यंत हे सापळे मी बांबूवर लावत होतो.

२

मुरघासाचा दुसरा मका मी पोळ्याच्या तोंडावर पेरला. सापळ्यांसाठी बांबू मागवले तर दुकानदाराने कमी पाठवले. फोन केला तर म्हणाला, पोळा हाये भाऊ, पाडवा होऊन जाऊ द्या. आमच्याकडे बैलांची सुट्टी माणसंच उपभोगतात.

पोळ्याला आमच्या गावात दारोदार पळसाचा मेढा ठेवतात. मेढा म्हणजे चांगली पुरुषभर उंचीची फांदी. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, उजाडता उजाडता घरोघरचा माणूस आपला मेढा उचलतो आणि बोंबलत शिवेवर नेऊन फेकतो. "माशा, मुरकुटं, ढेकूण, ताप, खोकला घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणारी बया. ज्याच्या घरी जे असेल ते तिला द्यायचं. ढेकूण जावेत म्हणून खाट उन्हात टाकायची नाही, मुरकुटं जावीत म्हणून नाली उपसायची नाही. वर्षातून एकदा गळा फाडला की आरोग्य खातं बंद करायला हरकत नाही.

माझी आई भागीरथा, तीही यातलीच. तिला दमा. मी जन्मायच्या आधीपासूनचा. तिच्या श्वासाला दोन सूर होते, एक चढणारा, एक उतरणारा, आणि शेवटी छातीत काडी मोडल्यासारखा आवाज. लहानपणी मी त्या आवाजावरच झोपलो आहे. हजार बायकांतून मी तो ओळखीन.

पाडव्याला तिने मेढा माझ्या हातात दिला. त्याला तिच्या जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली होती.

"माह्यानं शिवेपर्यंत चालनं होत नाई बापा. तू टाकून येजो. अन् तोंडानं म्हनजो, दमा घेऊन जा गे मारबत."

मी मेढा नेला. म्हटलं मात्र काही नाही. मी वळणावर पोचलो तेव्हा मागून दारातून तिचाच आवाज आला. होता नव्हता तेवढा दम काढून ती स्वतःच ओरडत होती. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला.

आमचं वावर शिवेच्या अलीकडे, नाल्याला लागून; नाला हीच शीव. नाल्यापलीकडे मेढ्यांचा ढीग पडला होता. सरळ, ओल्या, मजबूत, फुकटच्या काठ्या. फेकलेला मेढा उचलू नये हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच उचलले. सापळ्यांना पुरतील तेवढे निवडून घेतले, त्यात आमचाही घेतला, आणि नाला ओलांडून मक्यात आणले.

बंडूजी धुऱ्यावर उभे होते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे कैलास, शिवेपार टाकलेलं मागं आनत नसते गा."

"तुमचे ढेकूण आणतोय, बंडूजी," मी म्हणालो. "तुम्हाला करमत नसेल ना त्यांच्याशिवाय."

मेढे रोवले, त्यांच्यावर सापळे बांधले, गोळ्या बसवल्या. आईच्या मेढ्यावर सुतळी लागलीच नाही. त्या चिंधीनेच सापळा बांधला.

३

आईचा दमा गेला.

हे मी असं एका वाक्यात सांगतो, कारण ते तसंच झालं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की घरात शांतता आहे. आई विहिरीवरून पाणी आणत होती आणि पायरीवर थांबत नव्हती. मला आनंद झाला, खरंच झाला. तिला वर्ध्याच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं, तोंडात ओढायचा पंप मीच आणला होता.

"पंप लागू पडला," मी म्हणालो.

"पंप तर मी कवाचाच सोडला," आई म्हणाली. "मारबतीनं नेला माहा दमा."

गाढवापुढे वाचली गीता. तिने ते श्रेय त्या पळसाच्या फांदीला दिलं याचं मला वाईट वाटलं, पण ती रात्रभर आडवी होऊन झोपत होती. भिंतीला टेकून बसलेली आई पाहतच मी मोठा झालो. मला तेवढं पुरे होतं.

मका गुडघ्याच्या वर आला तेव्हा बाकीच्या सापळ्यांत पतंग पडू लागले. चिंधीच्या सापळ्यात एकही पडला नाही. असं होतं कधीकधी. गोळी खराब निघते. पण ती पिशवी लोंबत नव्हती. ती फुगलेली होती, आणि आतून दमटली होती. हिवाळ्यात गाडीच्या काचा दमटतात तशी. बाकी सगळ्या पिशव्या कोरड्या ठणठणीत.

पीक पाहायला कृषी सहायक आदेश आला होता. हा पोरगा शेताचा फोटो काढतो, फोटोत स्वतः येतो आणि जातो. पोंगा उलगडून दाखवला तर आधी रुमाल काढतो. त्या दिवशी मात्र तो त्या सापळ्यापाशी थांबला.

"सर, याच्यात पानी गेलं काय?"

"पाणी गेलं असतं तर तळाशी साचलं असतं," मी म्हणालो. "शाळेत शिकवतात."

"मंग हे आतून काऊन ओलं हाये?"

मी दव, तापमान, मक्याच्या पानांतून निघणारी वाफ असं बरंच सांगितलं. तो ऐकत होता, पण माझ्याकडे पाहत नव्हता. मग त्याने फोटो न काढताच मोबाइल खिशात टाकला आणि मोटारसायकलकडे निघाला. फोटो न काढता गेलेला आदेश मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

४

दिवाळीच्या आसपासची सकाळ. मका डोक्याच्या वर गेला होता. मक्याच्या आत शिरलं की गाव ऐकू येत नाही, फक्त पानाला पान घासल्याचा आवाज असतो. त्या दिवशी तोही नव्हता, वारा पडला होता.

चिंधीचा सापळा दिसला आणि मी थांबलो. पिशवी हलत होती. ती हळूहळू फुगत होती, थोडा वेळ तशीच राहत होती आणि मग आत ओढली जाऊन चपटी होत होती. पुन्हा फुगत होती. तिच्या शेजारचं एकही पान हलत नव्हतं.

आणि आवाज आला. एक चढणारा सूर, एक उतरणारा, शेवटी काडी मोडली.

मी मागे वळून पाहिलं. आई माझ्यामागे मक्यात आली असं मला वाटलं. "आई?" म्हणून हाकही मारली. दोन ओळींमधला तास रिकामा होता. आवाज पुढून येत होता, माझ्या छातीच्या उंचीवरून.

पिशवीला भोक असेल, हवा त्यातून जाताना शिट्टी वाजत असेल. मी जवळ गेलो, भोक शोधलं. भोक नव्हतं. पिशवीला बोट लावलं तर ती कोमट होती. त्यानंतर मी बाकीचे सापळे न पाहताच बाहेर आलो आणि घरी जाऊन दोनदा चहा प्यायलो.

आई अंगणात गाणं म्हणत होती. गाणं! श्वास पुरतो म्हणून आता तिला गाणी सुचत होती.

मी शिकलेला माणूस. शंका आली की देवऋषी नाही, प्रयोग. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या सापळ्यातली गोळी काढली, डबीत घट्ट बंद केली आणि मक्याबाहेर आलो. दुपारी जाऊन पाहिलं तर पिशवी कोरडी, इतर पिशव्यांसारखी लोंबत होती. मी स्वतःलाच हसलो. गावात राहून डोकं गावासारखं व्हायला लागलं म्हणालो.

उन्हं उतरताना घरी आलो तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. खांदे वर ओढलेले, ओठ काळेनिळे. दारातच मला तो ऐकू आला. चढणारा, उतरणारा, काडी.

"आला रे परत," ती कशीबशी म्हणाली. "दुपारीच आला. कोनी सोडला त्याले?"

पंप दिला. काही झालं नाही. मी धावत वावरात गेलो, डबी उघडली आणि गोळी टोपीखाली बसवली. घरी परतलो तेव्हा आई चुलीपाशी भाकर थापत होती.

"भूक लागली," ती म्हणाली.

एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, तो पुन्हा करून पाहावा लागतो. हे मला ठाऊक आहे. मी पुन्हा केला नाही.

५

मका दुधाळ चिकात आला. मुरघासासाठी तो तेव्हाच कापावा लागतो, उशीर चालत नाही. कुट्टीचं यंत्र आलं. यंत्रवाल्याला मी सांगितलं, त्या सापळ्याभोवतीची झाडं ठेव. त्याने काऊन विचारलं, मी त्याला पुढचा पट्टा दाखवला. संध्याकाळपर्यंत वावर मोकळं झालं आणि त्यात एक निळ्या चिंधीचा सापळा आणि त्याभोवती मूठभर मका उभा राहिला. पुढे तो मकाही गुरांनी खाल्ला.

आता तो सापळा रस्त्यावरून दिसायचा. बंडूजींना याहून मोठा सण कुठला?

"काय गा, आता ढेकळाले अळी पडून राह्यली का?"

पार हसला. ज्यांना मी वर्षानुवर्षं मूर्ख म्हणत आलो ती सगळी तोंडं उघडी टाकून हसली. रिकाम्या वावरात सापळा लावून रोज सकाळी त्याला पाहायला जाणारा माणूस पाहिला असता तर मीही हसलो असतो.

गोळीचा वास काही आठवड्यांत उडतो, मग नवी बसवावी लागते. माझ्याजवळच्या संपल्या. तळेगावात मिळाल्या नाहीत, आष्टीच्या बाजारात मिळाल्या नाहीत. "सीझन गेला ना भाऊ," दुकानदार म्हणाला. "चन्याच्या घाटेअळीची नेता का?" मी तीही नेली, बसवून पाहिली. पिशवीने तिची दखल घेतली नाही.

पिशवी दिवसेंदिवस सैल पडत गेली. तेवढीच घरातली संध्याकाळ बिघडत गेली. आधी नुसती हलकी शिट्टी, मग काडी. आईने गाणं बंद केलं. डॉक्टरने औषध वाढवलं, फरक पडला नाही. एकदा तिने माझा हात धरला.

"बंडूजी म्हन्ते, आपला मेढा तुह्या वावरात उभा हाये. खरं काय?"

"काठी आहे ती, आई."

"काठी तर काठी." ती बराच वेळ दम घेत राहिली. "उपट अन् शिवेपार टाकून ये. पर तोंडानं म्हन बापा. मांगं तू म्हनला नव्हता, मले मालूम हाये. मेढा नेनाऱ्यानं म्हनल्याबिगर जात नाई ते."

मी हो म्हणालो. तिची ती अवस्था पाहवत नव्हती. शिक्षण गेलं खड्ड्यात, एक वाक्य तर म्हणायचं होतं.

६

सकाळी धुकं ओसरल्यावर निघालो. ऊन चांगलं पडलं होतं. वावरात कुणी नव्हतं, ते मी आधी पाहून घेतलं.

मेढा सहज निघाला नाही. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा वर आला. त्याला मुळं फुटली होती, पांढरी, केसांसारखी. पळसाचं ओलं लाकूड, फुटतात. पिशवी माझ्या खांद्याशी आली आणि एकदम गच्च फुगली. मी मेढा धरून नाल्याकडे चालू लागलो. कानाशी तो श्वास चालला होता, घाईघाईने, माझ्या पावलांबरोबर.

नाल्याच्या काठावर थांबलो. तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आले होते.

"काय गा, शास्त्रज्ञ!"

मी मेढा उपटेपर्यंत बाजूच्या धुऱ्यावर बंडूजी येऊन ठेपले होते, आणि त्यांच्या वावरात चणा निंदायला बाया. सगळे उभे राहून पाहत होते.

"मारबत काढून राह्यला काय? पोळ्याले तर शरम वाटे तुले! म्हन ना मोठ्यानं, आमीबी ऐकतो!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

एक वाक्य. मी ते म्हटलं असतं तर ते बंडूजींनी मरेपर्यंत पारावर सांगितलं असतं, आणि त्यांच्यामागे त्यांच्या पोरांनी. आई घरी भिंतीला टेकून बसली होती हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तरीही माझी जीभ उचलली नाही. या माणसासमोर? या माणसासमोर नाही.

"मारबत कसली, बंडूजी," मी मोठ्याने म्हणालो. "रिकामा सापळा काढतोय. या, पाहा, काय आहे यात."

पिशवी तोंडासमोर, उन्हाकडे धरली. आत दाट धुरकट झालं होतं. त्या धुरकटात, माझ्या तोंडाच्या नेमकं समोर, एक गोल स्वच्छ होत गेला. आतून कुणीतरी ओठ टेकवल्यासारखा.

मी पिशवीची खालची गाठ सोडली.

ओलसर, कोमट काहीतरी चेहऱ्यावर आलं. आई छातीला बाम लावते त्याचा वास आला. बस. पिशवीतून दोन-चार थेंब गळून नाल्यात पडले.

"पाहा," मी म्हणालो. "काही नाही."

बंडूजी हसले. मीही हसलो. मेढा तिथेच टाकला, आणि मग मला आई आठवली. आता ते कुठे गेलं असेल हे लक्षात आलं आणि मी घराकडे पळत सुटलो. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पार ओलांडला, शाळा ओलांडली, लोक काय म्हणतील याचा विचार आयुष्यात पहिल्यांदाच केला नाही.

आई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. चेहरा उजळलेला. तोंडात गाणं.

"काऊन धावत आला रे?" तिने विचारलं. तिचा श्वास स्वच्छ होता, पोरीसारखा.

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. काही नाही म्हणून सांगायला मी तोंड उघडलं. एवढं पळाल्यावर कुणालाही दम लागतो, थोडं थांबावं लागतं. मी खांबाला धरून थांबलो. एक सूर चढला, एक उतरला, आणि छातीत काडी मोडली.

आईचं गाणं थांबलं. तिने हातातली शेंग सुपात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कैलास," ती हळूच म्हणाली, "पोळ्याले अजून किती महिने हायेत रे?"